ब्रेडमेकरचा पॅन खरवडलाय: फेकायचा की वापरायचा?

बडोद्याच्या वाघोडिया रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ब्रेडमेकर, म्हणजे कणीक मळून ब्रेड भाजून देणारं यंत्र, घेऊन तीन वर्षं झाली. रात्री टायमर लावून झोपतात, सकाळी मुलांच्या डब्याला ताजा ब्रेड. पीठ भाखरीचं, त्यात गूळ आणि जवस. आता पॅनच्या तळाला गोल गोल चरे पडलेत, मधल्या दांड्याभोवतीचं कोटिंग उडालंय, आणि गेल्या महिन्यापासून ब्रेडच्या बुडाला काळे ठिपके दिसतात. सासूबाई म्हणतात विष आहे, भंगारात द्या. नवरा म्हणतो काही होत नाही, खा. कंपनीकडे नवा पॅन मिळत नाही. ताईंना तीन गोष्टी हव्यात: हे खाणं धोक्याचं आहे का, कोटिंग परत करून मिळतं का, आणि नवा पॅन आणला तरी तीन वर्षांनी हेच होणार का.

ताई, मी बडोद्यात दांडिया बाजारात घरगुती यंत्रं दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. मिक्सर, ओव्हन, घरघंटी हे रोजचं. ब्रेडमेकर पूर्वी वर्षाकाठी एखादा यायचा, तोही अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला, ११० व्होल्टचा, आणि इथे कुणीतरी कौतुकाने सरळ भिंतीतल्या सॉकेटात घालून जाळलेला. २०२० च्या लॉकडाउननंतर मात्र घरोघरी ही यंत्रं आली आणि साधारण दोन वर्षांनी त्यांचे पॅन माझ्या टेबलावर यायला लागले. घरीही एक आहे, बायको चालवते. त्यामुळे हा विषय दुकानातही असतो आणि जेवणाच्या ताटावरही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी एका पिशवीत भरली आहेत. चरे हे एक, कोटिंग उडणं हे दुसरं आणि काळे ठिपके हे तिसरं. घरात भांडण लागतं ते ठिपक्यांवरून, आणि सगळे गृहीत धरतात की ठिपके म्हणजे उडालेलं कोटिंग. माझ्याकडे आलेल्या पॅनमध्ये बहुतेक वेळा तसं नव्हतं. म्हणून आधी ठिपके कसले आहेत ते बघू. पॅन ठेवायचा की काढायचा ते त्यावर ठरेल.

एक ठिपका टाचणीने ब्रेडमधून काढा, पांढऱ्या बशीत ठेवा आणि नखाने दाबा. काजळासारखा पसरला तर ते वंगण आणि धातूची घासण आहे. कुरकुरीत चुरा झाला तर ती जळकी कणीक. कणीक मळणारं जे पातं पॅनमध्ये असतं, त्याच्या भोकात कणीक शिरते, भाजून कडक होते, पुढच्या वेळी अजून थोडी काळी होते आणि एके दिवशी निसटून ब्रेडमध्ये पडते. पण ठिपका दबला नाही, पातळ पापुद्र्यासारखा वाकला आणि परत सरळ झाला, तरच ते कोटिंग. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर हेच करतो. ‘भाई, आ काळुं शुं छे?’ (हे काळं काय आहे?) म्हणून तावातावाने आलेला माणूस स्वतःच्या नखाने दाबून बघतो आणि निम्म्या वेळा हसत घरी जातो.

तुमचं वर्णन वाचून माझा कयास पहिल्या प्रकाराचा आहे. कारण ठिपके बुडालाच आहेत, बाजूला नाहीत, आणि एका महिन्यात सुरू झाले आहेत. कोटिंग असं तारीख लावून उडायला लागत नाही. बुश आणि सील मात्र गेले की गेले.

बुश म्हणजे काय ते सांगतो, कारण पॅनमधली ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा आहे. पॅनच्या तळातून एक शाफ्ट वर येतो, त्यावर पातं बसतं. खालून मशीनची मोटर त्याला कपलिंगमधून, म्हणजे पॅनच्या बुडावरच्या जोडणीतून, फिरवते. शाफ्ट तळातून आरपार जातो तिथे त्याला धरायला एक बारीक नळी असते, तो बुश. बऱ्याच पॅनमध्ये हा बुश दाबलेल्या ब्राँझच्या भुकटीचा असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्या छिद्रांत कारखान्यातच तेल भरलेलं असतं, तेवढ्यावर तो आयुष्य काढतो. त्याच्या वर रबरी सील असतं, कणकेतलं पाणी खाली जाऊ नये म्हणून. आता पॅन रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला की काय होतं? साबण बुशातलं तेल ओढून घेतो. मग शाफ्ट कोरडा फिरतो, बुश झिजतो, शाफ्ट डुलायला लागतो, डुलणाऱ्या शाफ्टने सील फाटतं आणि फाटक्या सीलमधून काळी घासण वर कणकेत येते. खालच्या बाजूला पाणी मशीनमध्येही उतरतं, त्याचं बिल वेगळं.

घरी करण्याच्या दोन चाचण्या आहेत. पॅन मशीनबाहेर काढून कोरडा करा, शाफ्टच्या मुळाशी पांढरं ओलं फडकं गुंडाळा आणि खालचं कपलिंग हाताने वीसेक वेळा फिरवा. फडक्यावर काळं कडं उमटलं तर बुश. दुसरी, रात्री पॅनमध्ये दोन कप पाणी घालून तो वर्तमानपत्रावर ठेवून द्या. सकाळी कागदावर ओलं वर्तुळ दिसलं तर सील गेलं. शाफ्ट चिमटीत धरून हलवूनही बघा. पातं शाफ्टवर थोडं सैल बसतं, ते मुद्दामच तसं केलेलं असतं, त्याची काळजी नको. शाफ्ट स्वतः तळात डुलत असेल तर मात्र गोष्ट संपली.

आता चरे. माझे काका कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या त्या संस्थेत शिकल्याचा त्यांना जन्मभर अभिमान होता, मोडकी सायकल दाखवली तरी त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. घासलेला कुठलाही भाग हातात आला की म्हणायचे, आधी विचार, हा कोणाशी घासला? पॅनच्या बाबतीत या एका प्रश्नावर माझं निम्मं काम होतं, कारण चऱ्याची दिशाच गुन्हेगाराचं नाव सांगते.

तळाला गोल, एकाभोवती एक असे चरे म्हणजे पातं खाली टेकून फिरतंय. पात्याचं भोक झिजलं की ते तिरपं बसतं किंवा खाली उतरतं. भोकाचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा असतो. त्याची सपाट बाजू गोल व्हायला लागली की पातं झटके खात फिरतं आणि प्रत्येक झटक्याला एक कोपरा तळाला लागतो. अशा वेळी पॅन निर्दोष असतो, गुन्हेगार पातं. ते बदललं की चरे तिथेच थांबतात.

शाफ्टच्या आसपास आडवेतिडवे, छोटे, खोल ओरखडे असतील तर ते घरातल्या माणसांचे. ब्रेड निघाला, पातं आत राहिलं किंवा शाफ्टला चिकटलं, मग सुरी घाला, उलथन्याचं टोक घाला, सांडशीने पकडून ओढा. एका बाईंनी तर पेचकस घातला होता. बाजूच्या भिंतीवर उभे चरे म्हणजे ब्रेड सुटावा म्हणून सुरी फिरवलेली. भिंतीवर एकाच पट्ट्यात, कणकेचा गोळा आपटतो त्या उंचीवर, कोटिंग धुरकट आणि पातळ झालं असेल तर ते पिठातल्या आणि गुळातल्या कणांचं काम. आणि चरा नाहीच, पण मोहरीएवढे फोड आले आहेत, फोड दाबला की फुटून खाली पांढरी पावडर दिसते, तर ते मिठाचं काम. या शेवटच्या प्रकाराला मी सगळ्यांत जास्त घाबरतो. त्याचं कारण पुढे सांगतो.

तुमच्याकडे गोल चरे आणि शाफ्टभोवती उडालेलं कोटिंग, दोन्ही आहे. म्हणजे पातं झिजलंय, बुश बहुतेक झिजलाय, आणि पातं काढताना कुणीतरी जोर लावलाय. सासूबाईंना विचारू नका, मी आपलं सांगितलं.

विषाचं बघू. नॉनस्टिक कोटिंग म्हणजे पीटीएफई, आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो ते. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट फ्रिजच्या गॅसवर काम करत होता, तेव्हा सिलिंडरमध्ये चुकून तयार झालेली ही पांढरी भुकटी. तिचा गुणच असा की ती कशाशी चिकटत नाही आणि कशाशी रासायनिक नातं जोडत नाही. पोटातही नाही. पापुद्रा गिळला तर जसा गेला तसा बाहेर पडतो. जर्मनीची सरकारी जोखीम मूल्यांकन संस्थाही हेच सांगते. ज्याची खरी बदनामी आहे ते पीएफओए नावाचं वेगळं रसायन, कोटिंग बनवताना कारखान्यात वापरलं जायचं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. मोठ्या कंपन्यांनी त्याचा वापर २०१५ पर्यंत बंद केला होता. तुमचं यंत्र तीन वर्षांचं आहे आणि नावाच्या कंपनीचं असेल तर त्या काळजीचं कारण मला दिसत नाही. बिननावाचा स्वस्त पॅन असेल तर मी छातीवर हात ठेवून काही सांगणार नाही.

धूर ही दुसरी भीती. पीटीएफई वितळतं साधारण ३२७ अंशांना, आणि घातक वाफा त्याच्याही वर, ३५० च्या पुढे जोरात सुटतात. गॅसवर रिकामा तवा विसरला तर तिथवर पोचतो. ब्रेडमेकरमध्ये थर्मोस्टॅट असतो आणि भाजताना आतली हवा दोनशेच्या आतबाहेर राहते. ब्रेडचा गाभा तर शंभरच्याही खालीच असतो. त्यामुळे नॉनस्टिकच्या धुराने पिंजऱ्यातला पोपट दगावतो ही गोष्ट खरी असली तरी ती तव्याची गोष्ट आहे.

मग नवरा बरोबर म्हणायचा का? अर्धा. कोटिंगपुरता बरोबर. पण बुशाची काळी घासण, वंगण, खाली उघडं पडलेलं ॲल्युमिनियम यांना मी ‘काही होत नाही’ म्हणणार नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर गोड ब्रेड भाजला तर फार बिघडत नाही, आपण पिढ्यानपिढ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत शिजवलंय. पण आंबट कणीक, ताक घालून भिजवलेलं पीठ, किंवा जॅमच्या बटणावर लिंबू पिळून केलेला मुरंबा, हे उघड्या ॲल्युमिनियमला खातात आणि ते मग आपण खातो. आपल्याकडे बडोद्यात ताक घालायची सवय सगळीकडे, हांडव्यापासून थेपल्यापर्यंत. कोटिंग उडालेल्या पॅनमध्ये ती सवय नको.

थोडक्यात, घरातल्या भांडणाचा निकाल असा. ठिपका काजळासारखा पसरला तर तो ब्रेड मुलांना देणं आजपासून बंद. पापुद्रा निघाला तर घाबरू नका, पण पॅन आता उतरणीला लागलाय हे समजा, आणि कोटिंगची कड नखाने उचलली जात असेल तर पॅन बदला. नुसता चरा, कडा घट्ट, फडकं स्वच्छ, तर खुशाल वापरा.

परत कोटिंग करून मिळतं का? मिळतं, आणि करू नका. हे मी करून पाहिलेलं आहे. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, साच्यांना टेफ्लॉन मारून देणारे आहेत. पाचेक वर्षांपूर्वी घरचाच पॅन एकाकडे दिला. कोटिंग करायचं तर जुनं काढावं लागतं, मग वाळूच्या फवाऱ्याने धातू खडबडीत करावा लागतो, कारण पीटीएफई कशालाच चिकटत नाही, तर ते ॲल्युमिनियमला तरी का चिकटेल? खडबडीत पृष्ठभागात प्रायमरचा थर रुतून बसतो आणि त्याच्यावर वरचे थर. सगळं मिळून जाडी माणसाच्या केसाच्या निम्म्यासुद्धा नाही. शेवटी भट्टीत ३८० ते ४०० अंशांना पक्कं करतात. तिथेच घोळ झाला. शाफ्ट, बुश आणि सील न काढता त्यांनी पॅन भट्टीत घातला. सील करपलं, बुशातलं तेल उडून गेलं. पॅन दिसायला नवरीसारखा परत आला आणि पहिल्याच ब्रेडला तळातून पाणी टपकलं. शिवाय ते कोटिंग साच्यांसाठीचं, अन्नासाठी चालेल असं लिहून द्यायला तो माणूस तयार नव्हता. प्रामाणिक होता बिचारा. दोन महिन्यांत कोपऱ्यांतून सोलायला लागलं.

बुश बदलण्याबद्दलही विचारतात. काही पॅनमध्ये खाली सर्कलिप, म्हणजे शाफ्टला अडकवलेली कडीसारखी क्लिप, असते, ती काढली की सगळं सुटतं आणि सील बदलता येतं. काहींत सगळं दाबून, रिव्हेट मारून बसवलेलं असतं, ते उघडलं की परत बसत नाही. लेथवाला बाजारातल्या गनमेटलच्या (हा ब्राँझचाच एक प्रकार) दांड्यातून हुबेहूब बुश कातून देईल, शंभर-दोनशेत. मी तो बसवत नाही. बाजारातल्या गनमेटलमध्ये कातायला सोपं जावं म्हणून शिसं असण्याची शक्यता असते, आणि ही जागा रोज कणकेला लागते. वरून शिलाई मशीनचं तेल सोडणारेही मी पाहिलेत, आणि दोन भाग मळून लावायच्या पुट्टीने गळती बुजवणारेही. ते पाण्याच्या टाकीला ठीक आहे.

आता नवा पॅन आणला तर काय, या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. खरं शिकण्यासारखं इथे आहे, आणि तुमच्या पत्रात कारणं सगळी हजर आहेत.

भाखरीचं पीठ. गुजरातेत राहणाऱ्याला सांगायला नको, हा लोट रव्यासारखा जाडा असतो. मैद्यासाठी बनवलेल्या यंत्रात तो म्हणजे मऊ पॉलिश पेपरच. त्यात तो पाणी हळूहळू पितो. सुरुवातीला कणीक सैल वाटते म्हणून आपण पाणी घालत नाही, दहा मिनिटांनी तीच कणीक दगड होते, पातं अडखळतं आणि भोकाची सपाट बाजू खाते. बायकोने यावर साधा उपाय काढला आहे. पीठ आणि पाणी पॅनमध्ये घालून नुसतं दोन मिनिटं फिरवायचं, मशीन बंद, अर्धा तास तसंच ठेवायचं, मग यीस्ट घालून नेहमीचा प्रोग्रॅम. कोंडा मऊ होतो, घासतही नाही आणि ब्रेडही जास्त फुगतो. १०० ग्रॅम मैद्याला ६२ ते ६५ ग्रॅम पाणी लागत असेल तर आपल्या चक्कीच्या गव्हाच्या पिठाला ७२ ते ७८ लागतं. चक्कीप्रमाणे बदलतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत झाकण उघडून बघा. गोळा मऊ आणि किंचित चिकट हवा. मोटरचा आवाज जड झाला तर चमचाभर पाणी. शक्य असेल तर भाखरीचा लोट निम्मा आणि बारीक पीठ निम्मं करा.

गूळ. गुळात वाळू असते. नाही म्हणणाऱ्याने गुळाचं पाणी करून तळाशी काय उरतं ते बघावं. कोमट पाण्यात विरघळवा, पातळ फडक्यातून गाळा आणि मग घाला. हे एक केलंत तरी भिंतीवरचा तो धुरकट पट्टा बराच लांबणीवर पडेल. जवस गुळगुळीत असतो, त्याचा त्रास कमी. पण अक्रोड, बदाम, टरबुजाच्या बिया सुरुवातीला घालू नका, मशीन मध्येच पी-पी करून सांगतं तेव्हा घाला.

मीठ आणि टायमर यांची जोडी वाईट. बऱ्याच मशीनमध्ये आधी पाणी, मग पीठ, सगळ्यांत वर यीस्ट असा क्रम असतो, काहींत उलटा असतो, पुस्तिका बघा. पाणी खाली असलेल्या मशीनमध्ये टायमर लावून मीठ पाण्यात टाकलं की आठ तास पॅनच्या तळाला मिठाचं पाणी उभं राहतं. कोटिंग धड असेल तर काही होत नाही. पण सुईच्या टोकाएवढं जरी भोक असेल तर मीठ तिथून ॲल्युमिनियमला पोखरतं. शेजारी स्टीलचा शाफ्ट, मध्ये खारट पाणी, ही तर छोटी बॅटरीच झाली, आणि बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. धातू खालून पांढरा होऊन फुगतो, कोटिंगला फोड येतो, भाजताना आतल्या ओलीची वाफ होऊन फोड मोठा होतो. म्हणून मी फोडाला चऱ्यापेक्षा जास्त घाबरतो. चरा वरून दिसतो तेवढाच असतो, फोडाच्या आजूबाजूचं कोटिंग दिसायला चांगलं असून खालून सुटलेलं असतं. तर टायमर लावायचा असेल तेव्हा बारीक मीठ पिठात मिसळून घाला, यीस्टपासून बाजूला. लगेच करायचा असेल तेव्हा पाण्यात विरघळवून घातलेलं बरं, खडे घासत नाहीत. खडेमीठ किंवा सैंधव असेल तर आधी कुटा.

पातं काढणं. बसवण्यापूर्वी शाफ्टवर तेलाचा एक थेंब बोटाने फिरवा, कणीक भोकात कमी शिरते. त्याहून चांगलं म्हणजे शेवटचं मळणं झालं, मशीन नुसतं फुगवायला थांबलं, की ओल्या हाताने कणीक उचलून पातं काढूनच घ्या. ब्रेडच्या बुडाला मोठं भगदाड पडत नाही आणि पातं खणून काढायचा प्रसंगच येत नाही. टायमरवर झोपलेल्यांना हे जमणार नाही, मान्य. त्यांनी ब्रेड निघाल्यावर पॅनमध्ये, आतल्या बाजूला, दोन बोटं गरम पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं थांबावं, मग पातं हलक्या हाताने फिरवत ओढावं. खालची बाजू कोरडी राहिली पाहिजे. पात्याचं भोक उदबत्तीच्या काडीने किंवा टूथपिकने साफ करा. ब्रेड भाजून झाल्यावर पाच-दहा मिनिटं पॅनमध्येच राहू द्या, वाफेने तो स्वतः बाजू सोडतो. ओट्यावर पॅन आपटायची सवय असेल तर सोडा, आपटून पॅनच्या कानांचा आकार बिघडतो आणि मग तो मशीनमध्ये तिरपा बसतो.

घासणं. तारेची घासणी कुणी लावत नाही असं सगळेच सांगतात. पण हिरवा स्क्रबर? त्या हिरव्या जाळीत घासायचे कण मुद्दाम चिकटवलेले असतात, म्हणून तर तो घासतो. आमच्याकडे कामाच्या बेनना वेगळा मऊ स्पंज दिलाय आणि पॅन त्यांच्या ढिगात जाऊच देत नाही. भांड्यांच्या मशीनमध्येही नको, ते क्षार तिखट असतात. कधी कधी कोटिंग धड असूनही ब्रेड चिकटतो आणि लोक म्हणतात कोटिंग गेलं. बघावं तर भिंतीवर तपकिरी, लाखेसारखा थर असतो. दर वेळी तेलाचा हात लावून भाजल्याने तेल वाळून तो बसतो. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट दहा मिनिटं लावून मऊ फडक्याने पुसली की उतरतो. धुण्याचा सोडा चुकूनही नको, तो ॲल्युमिनियम काळं करतो.

पॅन बदलायचा ठरला तर पातंही सोबतच नवं घ्या. झिजलेलं पातं नव्या पॅनवर बसवणं म्हणजे पहिल्या दिवसापासून चरे विकत घेणं. रोजच्या वापरात आमच्या घरी पातं दोनदा बदललं आणि पॅन एकदा, म्हणून मी गिऱ्हाइकाला एक पातं जास्तीचं आणून ठेवायला सांगतो, ते स्वस्त असतं. पॅन स्वस्त नसतो. नवीन यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर कुणी पॅन सांगत असेल तर पॅन घेऊ नका, यंत्र बदलायचा विचार करा.

आणि तुम्ही लिहिलंय की कंपनीकडे पॅन मिळत नाही. ऑनलाइन ‘सगळ्यांना बसणारा’ पॅन दिसेल, त्याच्या नादी लागू नका. असा पॅन नसतो. मागवण्यापूर्वी यंत्राच्या बुडावरचा मॉडेल नंबर जसाच्या तसा लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. पॅनच्या खालच्या कपलिंगला किती पंख आहेत ते मोजा. शाफ्टची जाडी आणि तळापासूनची उंची व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरने) मापा, घरी नसेल तर कोपऱ्यावरच्या कुठल्याही फिटरकडे असतो. या चार गोष्टी जुळल्या तरच पैसे भरा. तोवर यंत्र बंद ठेवायची गरज नाही, सील गळत नसेल तर. कणीक स्वच्छ निघत असेल तर कणकेच्या बटणावर फक्त मळून घ्या, आणि भाजा ओव्हनमध्ये साध्या पत्र्याच्या डब्यात, आत बेकिंगचा कागद लावून. सील गळत असेल तर मात्र पॅन मशीनमध्ये घालूच नका. खालचा बेल्ट आणि मोटर भिजली की मग तुम्हाला दांडिया बाजारात यावंच लागेल.